झाकलेल्या बाटल्या

लाल वाइन मी कधी चाखलेली नाही. कायद्याने ते वयही अजून झालेले नाही. पण मुरलेली वाइन कशी पारखतात याविषयी वाचताना एका हकिकतीने मला फार विचारात पाडले.

वर्षानुवर्षे आडव्या पडलेल्या बाटलीत गाळ साचतो, म्हणून ती हलक्या हाताने ओततात. पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरून आधी रंग पाहायचा. तरुणपणीचा जांभळा रंग ओसरून कडेला विटकरी छटा आलेली असते. मग वास. ताज्या फळांचा वास मागे सरून वाळक्या पानांचा, कातड्याचा, ओल्या मातीचा वास पुढे येतो. शेवटी घोट. द्राक्षाच्या सालीतला नि बियांतला तुरटपणा काळाने मवाळ झालेला असतो. अर्थात काळ सगळ्यांनाच मुरवीत नाही. बहुतेक वाइन फार काळ ठेवल्या तर नुसत्या विटतात.

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने बाटल्यांची नावे झाकून फ्रेंच परीक्षकांपुढे वाइन ठेवल्या. एकीकडे बोर्दोची मातब्बर घराणी, दुसरीकडे कॅलिफोर्नियातील नवखे. लाल वाइनमध्ये पहिली आली 'स्टॅग्ज लीप'ची १९७३ची वाइन, अवघ्या १९७० साली लावलेल्या मळ्यातली! मग आक्षेप निघाला : आज या चांगल्या लागतील, पण मुरायच्या नाहीत. मुरणे हे घराण्याचेच काम.

२००६ साली, तीस वर्षांनी, त्याच लाल वाइन पुन्हा नावे झाकून चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे. पहिली आली 'रिज मॉन्टे बेलो', १९७१ची. पॅरिसला ती पाचवी होती.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. ओळख होताना लोक नावापाठोपाठ आडनाव विचारतात, मग वडील काय करतात ते. उत्तर मिळाले की ही मुलगी कुठवर जाईल याचा अंदाज त्यांनी बांधलेला असतो. म्हणून मला परीक्षेचा हॉल आवडतो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला तिथे आडनाव दिसत नाही, नुसता बैठक क्रमांक दिसतो.

पण परीक्षा संपते, नि "पास झालीस खरी, पण पुढे टिकशील का?" हा प्रश्न उरतोच. त्याला आज माझ्याजवळ उत्तर नाही. पाचव्या क्रमांकाच्या त्या बाटलीजवळ तरी १९७६ साली कुठे होते? तिला तीस वर्षे मिळाली. आम्हालाही तेवढा अवधी मिळावा, एवढेच मागणे आहे.