आधी पाणी, मग चाक, शेवटी पाय

पळताना दमलेला माणूस चालू लागतो. सायकलवर दमलेला माणूस तोल जाऊन पडू शकतो. पाण्यात दमलेला माणूस बुडतो. ट्रायथलॉनमध्ये आधी पोहणं, मग सायकल आणि शेवटी पळणं असा क्रम का असतो, याचं उत्तर या तीन वाक्यांत आहे. जिथे धोका सर्वांत जास्त, तिथे शरीर ताजं असताना जायचं. दमत जाल तसा धोका कमी होत गेला पाहिजे.

हा क्रम सुरुवातीपासून नव्हता. अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे इथे २५ सप्टेंबर १९७४ रोजी ट्रायथलॉन या नावाने पहिली आधुनिक स्पर्धा झाली, तेव्हा पळणं आणि सायकल आधी होती, पोहणं त्यानंतर. मागे राहिलेले लोक पाण्यात उतरेपर्यंत अंधार पडला आणि त्यांना दिसावं म्हणून काठावरच्या मोटारींचे दिवे लावावे लागले. १९७८ साली हवाईत आयर्नमॅन ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन पहिल्यांदा झाली, तिथे पोहणं पहिलं आलं. २००० साली सिडनीत ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये दाखल झाली तीही याच क्रमाने: १५०० मीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर पळणं. माझी पहिली स्पर्धा याच अंतराची होती, कोल्हापुरात, राजाराम तलावात. तयारीही याच क्रमाने करायची, असं मी ठरवलं होतं. जास्तीत जास्त वेळ पाण्याला दिला.

माझं माहेर भोगावती नदीकाठचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला रिकामा डबा बांधून मामाने आम्हा भावंडांना विहिरीत सोडलं आणि आठवडाभरात आम्ही डब्याशिवाय तरंगायला लागलो. त्या पोहण्याने पाण्याची भीती कायमची गेली, हे त्याचं मोठं देणं. पण त्यात डोकं सतत पाण्याबाहेर असतं. डोकं वर राहिलं की पाय खाली जातात, आणि अर्धी ताकद पाय वर धरण्यातच खर्च होते. विहिरीच्या या काठावरून त्या काठाला जायला ते पुरतं. दीड किलोमीटरला पुरत नाही.

चाळिशी उलटल्यावर मी शिकवते त्या शाळेच्या वेळेआधी पोहण्याच्या टँकवर जायला लागले. तिथे शिकवणाऱ्या सरांनी पहिल्या दिवशी पोहायला सांगितलंच नाही. काठाला धरायचं, तोंड पाण्यात घालायचं आणि नाकातोंडातून बुडबुडे सोडत राहायचं, एवढंच.

“सर, पोहायचं कधी?” मी विचारलं.

“मॅडम, आधी श्वास सोडायला शिका,” ते म्हणाले. “घ्यायचा तो आपोआप येतो.”

पाण्यात दम लागल्यासारखं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा श्वास पुरेसा बाहेर सोडलेलाच नसतो. छातीत जुनी हवा कोंडलेली असते, त्यामुळे नवी आत येत नाही आणि घाबरगुंडी उडते. तोंड पाण्यात असेपर्यंत सावकाश, पूर्ण श्वास सोडायचा. मान वळवली की हवा आपसूक आत येते. ही एक गोष्ट अंगवळणी पडली आणि पाय वर आले, खांदे सैल झाले. पंचवीस मीटरला धापा टाकणारी मी न थांबता टँकच्या फेऱ्यांमागून फेऱ्या मारू लागले.

पण टँक म्हणजे तलाव नव्हे. टँकमध्ये तळाला काळी रेघ असते, पंचवीस मीटरवर भिंत असते, पाणी काचेसारखं असतं. राजाराम तलावात पावसाळ्यानंतर उतरलं की गढूळ पाण्यात स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. रेघ नाही, भिंत नाही, पायाखाली काय आहे ते कळत नाही. पट्टीचे टँकपटूही इथे पहिल्यांदा गोंधळतात. म्हणून आमचा गट एकत्रच जायचा. कमरेला भडक रंगाचा हवेचा फुगा बांधलेला, काठावर लक्ष ठेवणारा माणूस, आणि एकट्याने कुणीही पाण्यात उतरायचं नाही हा नियम. दर सात-आठ हातांनी डोळे पाण्यावर आणून समोरची खूण पाहायची सवय तिथे लागली. मार्ग दाखवायला पाण्यावर ठेवलेला फुगा लांबून दिसत नाही, म्हणून त्याच्या मागचं एखादं उंच झाड किंवा इमारत हेरून ठेवायची. श्वास दोन्ही बाजूंनी घेता आला पाहिजे, कारण एका बाजूला ऊन किंवा लाटा असल्या की ती बाजू बंद होते.

हे लाटांचं शिक्षण मालवणला झालं. तिथल्या चिवला बीचवर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा भरते आणि राज्यभरातून पोहणारे येतात, अगदी लहान मुलं आणि सत्तरीचे आजोबासुद्धा. आम्ही सरावासाठी गेलो होतो. खारं पाणी अंगाला उचलून धरतं, पण लाट नेमकी श्वासाच्या वेळी तोंडावर येते. तेव्हा घाई न करता तो श्वास घ्यायचा टाळायचा आणि पुढच्या हाताला घ्यायचा. मालवणात हे जमल्यावर तलावाचं पाणी मला शांत वाटू लागलं.

सायकलची तयारी त्या मानाने सरळ होती. महागडी रेसिंग सायकल लागते, हा समज पुष्कळांना पहिल्या पावलाआधीच थांबवतो. मी गिअरची साधी हायब्रिड सायकल वापरली. ब्रेक आणि टायर ठणठणीत असले आणि सीटची उंची आपल्या पायाला जुळली की ४० किलोमीटर अशा सायकलवर उत्तम होतात. जोतिबाच्या चढावर गिअरची शिस्त शिकले: चढ लागण्याआधीच हलका गिअर टाकायचा आणि पाय जड न होऊ देता भराभर फिरवत राहायचे. कागलच्या बाजूला महामार्गावर समोरून वारा असला की वेग कमी होणार हे मान्य करून तेवढाच जोर ठेवायचा. पंक्चर काढणं, चेन बसवणं आणि चालत्या सायकलवर पाण्याची बाटली काढून पुन्हा जागेवर ठेवणं हेही सरावाचाच भाग आहे.

पळण्याचा सराव मात्र वेगळाच निघाला. सायकलवर तासभर वाकून बसल्यावर उतरून लगेच पळायला लागलं की पाय आपले वाटत नाहीत. स्नायू गोल फिरण्याला सरावलेले असतात, मांड्या भरलेल्या असतात, आणि शरीराला नवी चाल धरायला काही मिनिटं लागतात. याचा उपाय सरावातच आहे. आठवड्यातून एकदा सायकल झाली की कपडे न बदलता, न बसता रंकाळा तलावाच्या काठाने पळायचं. पहिला किलोमीटर मुद्दाम सावकाश, शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने. दुसऱ्या किलोमीटरला पाय मोकळे होतात, याचा विश्वास बसला की स्पर्धेत घाबरायला होत नाही.

खाण्यापिण्यासाठी बाजारातली पाकिटं लागली नाहीत. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, केळं आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी यावर माझं भागलं. घामातून मीठ जातं, म्हणून नुसतं पाणी पीत राहणं पुरेसं नसतं. सरावात जे पोटाला मानवलं तेवढंच स्पर्धेच्या दिवशी खायचं, हा नियम मी मोडला नाही.

आणि वेळ? तो घरातूनच आला. पहाटे मी बाहेर पडले की सासूबाई चहा-नाष्टा बघायच्या, मुलांचे डबे ह्यांनी स्वतःकडे घेतले. नोकरी आणि घर सांभाळून बाईला अशी तयारी करायची तर घरातल्या प्रत्येकाला आपला वाटा उचलावा लागतो. तो त्यांनी न कुरकुरता उचलला. याची नोंद कुठल्याही निकालात होत नाही, म्हणून इथे करते.

स्पर्धेच्या पहाटे दंडावर क्रमांक, घोट्याला वेळ मोजणारी चिप आणि डोक्याला रंगीत टोपी चढली. सायकल स्टँडला लावून मी सामान वापरण्याच्या क्रमाने मांडलं: वर हेल्मेट, त्यात चष्मा, बाजूला बूट, मोजे आणि रुमाल. इथले नियमही जिवाच्या काळजीचेच असतात. हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आखलेल्या रेषेच्या पुढे गेल्यावरच तिच्यावर बसायचं, आणि दुसऱ्याच्या मागे वारा चुकवत चिकटून जायचं नाही.

पाण्यात मी मुद्दाम मागच्या ओळीत, कडेला उभी राहिले. पहिले दोनशे मीटर म्हणजे हात, पाय आणि फेस यांची गर्दी. एका पोहणाऱ्याचा हात माझ्या गॉगलवर बसला. मी पाठीवर वळले, आकाशाकडे बघत दोन-तीन लांब श्वास सोडले, गॉगल नीट केला आणि पुन्हा पालथी झाले. गरज पडली तर जीवरक्षकाच्या होडीला धरून थांबता येतं. धरून पुढे सरकायचं नसतं, एवढंच. हे आधी माहीत असल्यामुळे मन शांत होतं. शेवटच्या फुग्याला वळसा घालून पायाला चिखल लागला, तेव्हा माझी स्पर्धा मनाने पूर्ण झाली होती. पुढचं फक्त करायचं राहिलं होतं.

सायकल वाऱ्याच्या मर्जीने गेली, जाताना जड आणि येताना हलकी. उतरल्यावर पाय ओळखीचेच जड होते आणि दुसऱ्या किलोमीटरला ठरल्याप्रमाणे मोकळे झाले. सातव्या किलोमीटरनंतर ऊन चढलं. प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी मी चालत गेले, दोन घोट प्यायले, डोक्यावर पाणी ओतलं आणि पुन्हा पळाले. साडेतीन तासांच्या थोडं पुढे मी शेवटची रेषा ओलांडली. तिथे ह्यांच्या शेजारी माझे विद्यार्थीही उभे होते, घसा फोडून ओरडत होते. त्यांतल्या दोघी आता त्याच टँकवर पोहायला येतात, याचा आनंद पदकापेक्षा मोठा आहे.

अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली. अशा बातम्या वाचून अनेकांच्या मनात ही इच्छा जागी होते आणि बहुतेक जण सर्वांत आधी सायकलच्या दुकानात जातात. माझं सांगणं उलटं आहे. सायकल आहे ती चालेल, पळणं सावकाश वाढेल. तुम्ही आधी पोहायला शिका, श्वास सोडायला शिका, मग जाणत्या माणसांसोबत मोकळ्या पाण्यात उतरा, आणि पहिली स्पर्धा ७५० मीटर, २० किलोमीटर, ५ किलोमीटरची छोटी निवडली तरी ती पूर्ण ट्रायथलॉनच आहे. फक्त पाण्यात एकटे जाऊ नका.