आपल्या कानांना जात असते का?

मागच्या उन्हाळ्यात गडचिरोलीच्या एका शिबिरात आम्हा कार्यकर्त्यांना संगीताच्या आवडीचा फॉर्म भरायला दिला. वीस चौकटी. जितक्या खुणा जास्त, तितकी आवड व्यापक. ख्याल, ध्रुपद, ठुमरी, गझल, जॅझ, रॉक, प्रत्येकाला वेगळी चौकट. आणि शेवटी 'लोकसंगीत' ही एकच. भीमगीतं त्यातच, शाहिरी जलसा त्यातच, झाडीपट्टीची दंडार त्यातच, माडियांचा रेला त्यातच!

आमच्या गटातल्या एका पोराला वीसपैकी दोन मिळाले. ओशाळून म्हणाला, "म्हणजे आपली आवड एकसुरीच नं, दादा?"

मित्रांनो, आवड एकसुरी नव्हती, मोजपट्टी वाकडी होती. त्याची ती एक चौकट उघडून पाहा. भीमगीतात कव्वालीचा सवाल-जवाब आहे, पाळणा आहे, गझल आहे, सिनेमाची चाल आहे आणि आता रॅपही आहे. वामनदादा कर्डकांची (१९२२-२००४) गाणी ऐकत वाढलेला कान एकसुरी कसा?

आवड ही निसर्गाची देणगी नाही, तिच्यावर वर्गाचा शिक्का असतो, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बुर्दिए यांनी १९७९ साली मांडलं. १९९६ मध्ये पीटरसन आणि कर्न यांनी अमेरिकेत दाखवलं की वरचा वर्ग आता फक्त अभिजात ऐकत नाही, थोडं थोडं सगळंच ऐकतो. व्यापक आवड हीच नवी प्रतिष्ठा झाली. त्याच वर्षी बेथनी ब्रायसन यांनी उलटा प्रश्न विचारला: काय आवडत नाही? उत्तर बोलकं होतं. शिकलेली, उदार माणसं फार थोडं नाकारतात. पण जे नाकारतात, ते बहुतेक कमी शिकलेल्यांचं संगीत असतं.

आपल्याकडे वेगळं काय आहे? "मी सगळं ऐकतो" म्हणणाऱ्याच्या मोबाईलमध्ये सूफी असतं, काळ्यांचं ब्लूज असतं. पण १४ एप्रिलला आपल्या वस्तीतून आवाज आला की तो 'गोंगाट' होतो. काळ्यांचं दुःख कला आणि आपलं दुःख गोंगाट, हे गणित कोणी मांडलं?

पण बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून भागत नाही. शिबिरातून परतल्यावर आम्ही स्वतःचा फॉर्म बनवला. त्यात एकच प्रश्न ठेवला: ज्यांच्यात राहता, त्यांच्या किती गाण्यांचा अर्थ तुम्हाला कळतो? एटापल्ली-भामरागड भागात आम्ही दहा वर्षं काम करतो. रेला गावोगावी ऐकला, शूटिंगही केलं. अर्थ कळणारी गोंडी गाणी? शून्य. एकदाही कोणाला विचारलं नाही. 'त्यांचं नाचगाणं' म्हणून सोडून दिलं. ज्या हाताने ती 'लोकसंगीत'ची चौकट आखली, तोच हात आमचाही निघाला. लाज वाटली.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. समतेची ती शपथ जिभेपुरती नव्हती, कानांसाठीही होती.

म्हणून चौकटी मोजू नका. कोणाचा आवाज आपण अजून नुसता आवाज म्हणून ऐकतो, ते मोजा. आम्ही भामरागडच्या एका आजीकडे गाण्यांचे अर्थ शिकायला बसलो आहोत. वीस नाही, सध्या दोन झाले.

जय भीम! जय सेवा!