कृष्णकमळाची वेल आणि शेजारचा पारिजातक

मैत्रिणींनो, पावसाळ्यात कधी पुण्याला येणे झाले, तर एक सकाळ प्रभात रोड आणि भांडारकर रस्ता यांच्या मधल्या गल्ल्यांसाठी राखून ठेवा. पुण्याचे पाहुणे शनिवारवाडा, पर्वती, तुळशीबाग एवढे करतात आणि बाकरवडीचे पुडे घेऊन परतीच्या गाडीत बसतात. या गल्ल्यांत पाहण्यासारखे काय आहे, असे तुम्ही विचाराल. तसे विशेष काही नाही. बसके जुने बंगले, दगडी कुंपणभिंती, फाटकावर नावाची पाटी, आणि त्या फाटकावरून, भिंतीवरून, कधी तर थेट रस्त्यावरच्या खांबावर चढलेली एक वेल. बंगले आता कमी होत चालले आहेत. पण त्यांच्या जागी आलेल्या उंच इमारतींतही कुणीतरी गॅलरीच्या गजांवर हीच वेल चढवलेली असते.

ही वेल कृष्णकमळाची. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फूल पूर्ण उमलते, आणि ते एका दिवसाचेच. दुसऱ्या दिवशी पाहावे तर छत्री मिटावी तसे मिटलेले. म्हणून ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी थांबून पाहून घ्यावे. जांभळ्या तंतूंचे गोल कडे म्हणजे शंभर कौरव, त्यावरचे पाच पुंकेसर म्हणजे पांडव, सर्वांत वरचे तिघे ब्रह्मा-विष्णू-महेश आणि मधोमध श्रीकृष्ण, हे आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना पाठ असते. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. एकदा सातवीच्या वर्गात फूल नेले होते. मुलांनी टाचणीने एकेक तंतू मोजला, तर शंभर काही भरेनात. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, युद्ध सुरू झालंय वाटतं!"

गंमत अशी की हे फूल मूळचे आपले नाहीच. या कुळातल्या बहुतेक वेली अमेरिका खंडातल्या. तिथे गेलेल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांनी याच फुलात ख्रिस्ताच्या शेवटच्या यातना पाहिल्या. तंतूंचे कडे म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा आणि वरचे तिघे म्हणजे तीन खिळे. इंग्रजी 'पॅशन फ्लॉवर' मधले 'पॅशन' प्रेमाचे नव्हे, त्या यातनांचे. लिनियसने १७५३ मध्ये या कुळाला 'पॅसिफ्लोरा' हे नाव दिले, तेही त्याच अर्थाचे. एकच फूल, पण पाहणाऱ्याने आपापल्या घरची गोष्ट त्यात पाहिली.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. आम्ही राहतो सहकारनगरात, तळजाईच्या टेकडीच्या पायथ्याशी. सासऱ्यांनी बांधलेले छोटेसे घर, पुढे चार पावलांची बाग आणि शेजारच्या काकूंच्या नि आमच्या मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीला लागून सासूबाईंनी कृष्णकमळाची फांदी खोचली होती. बहिणीकडून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वेल फाटकाच्या कमानीवर होती, आणि तिथेच होती. दर आठवड्याला सासूबाई हातात कात्री घेऊन उभ्या राहायच्या. मला वाटायचे, काय ही माणसाला सवय! एवढी छान वाढतेय, वाढू दे की!

२०१९ मध्ये सासूबाई गेल्या. त्यानंतर वेलीला कात्री लावण्याचे मला धैर्य होईना. फूल उमलले की त्यांचीच आठवण यायची. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. माळी येणे बंद झाले, घरात शाळा, घरात कचेरी, बागेकडे बघायला वेळ कुणाला! दोन पावसाळे वेल मोकाट वाढली. कमानीवरून पन्हळीवर, तिथून गच्चीच्या कठड्यावर आणि भिंतीवरून काकूंच्या आवारात. आम्हांला मात्र कौतुकच. येणारा-जाणारा म्हणायचा, "वा! काय फुललंय!" आणि मी हरखून जायची.

काकूंच्या आवारात भिंतीलगत एक पारिजातक आहे. त्यांच्या यजमानांनी लावलेला. काका जाऊन बरीच वर्षे झाली. श्रावण-भाद्रपदात पहाटे झाडाखाली सडा पडतो आणि काकू तो परडीत वेचून देवाला वाहतात. २०२२ च्या श्रावणात एका सकाळी मी दूध घ्यायला बाहेर आले, तर काकू झाडाखाली उभ्या होत्या. परडी हातात, आणि परडीत पाच-सहा फुले. मी वर पाहिले. पारिजातक दिसतच नव्हता. त्याच्या माथ्यावर आमच्या वेलीचे जाड पांघरूण होते, आणि त्यावर आमची दहा-बारा कृष्णकमळे ऐटीत उमललेली!

"काकू, तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारले.

"अगं, तुझ्या सासूबाईंची वेल ती," त्या म्हणाल्या. "कसं सांगायचं, काप म्हणून?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी माझ्या आठवणीची फुले मोजत बसले होते आणि त्यांच्या आठवणीचे झाड त्याखाली गुदमरत होते.

त्याच दिवशी मी कात्री घेतली आणि वरवर दिसेल तेवढे छाटले. पंधरा दिवसांत वेल पुन्हा तिथेच! वर काकूंच्या कुंडीतून, आमच्या फरशीच्या फटीतून, चक्क नळाच्या चौकोनाजवळून नवे कोंब. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' म्हणतात ना, तसे.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन असते. तुम्ही पाहिले नसेल तर जरूर पाहा. स्वारगेटवरून रिक्षाने फार लांब नाही, रेसकोर्सच्या जवळ. १८३० मध्ये स्थापन झालेली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ही बाग सांभाळते. प्रदर्शनातली फुले पाहून झाली की बागेच्या जुन्या भागात जा. तिथे मोठमोठ्या वृक्षांवर चढलेल्या जाडजूड वेली आहेत. त्यांच्याखाली उभे राहिले की वेल या शब्दाबरोबर मनात येणारा नाजूकपणा कुठच्या कुठे पळतो. तिथल्याच एका रोपवाल्या माळीदादांना मी आमचे गाऱ्हाणे सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, तुम्ही वर कापता. ती चालते कुठनं?"

चालते ती जमिनीखालून! आमची जांभळी कृष्णकमळ मुळांवरून नवे कोंब काढते. मूळ वेलीपासून कितीतरी अंतरावर कोंब वर येतो आणि आपल्याला वाटते, बी पडून उगवला. वरचे शेंडे कापून खालच्या प्रवासाला काहीच अटकाव होत नाही. वरचा प्रवासही साधा नाही. स्प्रिंगसारखे हिरवे तणावे ज्याला स्पर्श होईल त्याला विळखा घालतात. डार्विनने १८६५ मध्ये चढणाऱ्या वेलींवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. याच कुळातल्या एका वेलीचा तणावा नुसत्या हलक्या स्पर्शाने अर्ध्या मिनिटात वळू लागतो, अशी नोंद त्यात आहे. आपण दूध उतू जाते का पाहून येईपर्यंत हिने दोरी पकडलेली असते!

तर फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही कंबर कसली. आमचे हे, मी, दोन्ही मुले आणि भिंतीपलीकडे काकू. पारिजातकावरची वेल ओढून काढायची नाही, हा काकूंचा हुकूम. ओढली तर त्याच्या कोवळ्या फांद्या मोडतात. म्हणून आधी भिंतीपाशी वेल कापली, चार दिवस वरचा भाग सुकू दिला आणि मग तुकडे-तुकडे करून सोडवला. झाडाची एक बाजू पानांशिवाय उघडी पडली होती. काकू त्या फांद्यांवरून नुसता हात फिरवत राहिल्या.

हिरव्या ढिगाचे काय करायचे, हा प्रश्न पडला. हे म्हणाले, "टेकडीच्या कडेला टाकून येतो." मी साफ नको म्हटले. आमच्या तळजाईवर फिरायला जाल तर पाहा, वाटेच्या दोन्ही बाजूंना घाणेरी माजलेली दिसेल. ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेत आणलेली. तिथून कुंपण ओलांडून देशभरच्या रानात गेली. आणि देशभर पसरलेले गाजर गवत प्रथम नोंदले गेले ते १९५५-५६ च्या सुमारास, आपल्या पुण्यातच! कृष्णकमळाची एक रानटी बहीण तर आताही मोकळ्या प्लॉटच्या कुंपणांवर दिसते. फुलाभोवती चिकट जाळी आणि पान चुरगळले की उग्र वास, ही तिची खूण. हिच्या ओल्या फांदीलाही पेरापाशी मुळे फुटतात. तेव्हा ढीग गच्चीवर पसरला, कडकडीत वाळवला आणि मगच खताच्या खड्ड्यात घातला.

आता तुमच्या उपयोगाचे सांगते. आम्ही शिकलो ते असे:

पहिले म्हणजे, जागा आधी ठरवा. जमिनीत लावण्यापेक्षा मोठी कुंडी बरी. पण कुंडी मातीवर ठेवू नका. खाली शहाबादी फरशी ठेवा आणि महिन्यातून एकदा कुंडी हलवून पाहा. तळाच्या भोकातून मूळ निघून केव्हा जमिनीत शिरते, ते कळतसुद्धा नाही.

दुसरे, जमिनीतच लावायची असेल तर भोवती फरशीचे तुकडे उभे पुरा, दीड-दोन फूट खोल, सांधे घट्ट. आम्ही भिंतीच्या बाजूने असेच केले. स्वयंपाकघराच्या ओट्याच्या उरलेल्या फरश्या कामी आल्या.

तिसरे, मोठी छाटणी थंडी सरता सरता, फेब्रुवारीत. फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे कापल्याने फुले जातील ही भीती बाळगू नका. पावसाळ्यात मात्र दर आठवड्याला शेंडे खुडायचे. सासूबाईंची ती 'सवय' म्हणजे हेच शहाणपण होते.

चौथे, दूर उगवलेला कोंब वरून तोडू नका. माती ओली असताना खुरपीने मागोवा घेत मुळासकट काढा. एकदा काढून भागत नाही. वर्षभर चिकाटी हवी.

पाचवे, खताचा मारा नको. शेणखत फार झाले की पानेच पाने आणि फुलांचा पत्ता नाही. विजेच्या तारा, पन्हळी आणि दुसरे झाड, या तिन्हींपासून वेल हातभर लांब ठेवा.

आणखी दोन गोष्टी. वेलीवर तांबूस, काटेरी सुरवंट दिसले तर घाबरून औषध फवारू नका. बहुधा ते कृष्णकमलिनी या केशरी फुलपाखराचे असतात. पानांची चाळण करतात खरी, पण वेल पुन्हा फुटते, आणि छाटणीचे थोडे काम फुकटात होते. दुसरे, कुणाचे ऐकून या वेलीच्या पानांचा काढा वगैरे करू नका. शोभेच्या जातींच्या पानांत आणि कच्च्या फळांत विषारी घटक असू शकतात. बाजारात मिळणारे पॅशन फ्रूट ही त्याच कुळातली, पण वेगळी जात. घरात रांगते मूल असेल तर कुंडी उंचावर टांगा.

त्या वर्षीच्या श्रावणात पारिजातकाची एकच बाजू फुलली. काकू म्हणाल्या, "असू दे, देवाला तेवढी पुरतात." पण माझा जीव मात्र दुसऱ्या श्रावणापर्यंत टांगणीला लागला होता. पुढच्या वर्षी मे महिन्यात उघड्या फांद्यांना पाने आली, आणि श्रावणात एका पहाटे काकूंनीच भिंतीवरून हाक मारली. सडा दोन्ही बाजूंना पडला होता. थोडा भिंत ओलांडून आमच्याही आवारात.

आमची कृष्णकमळ आता कमानीपुरतीच आहे. फुले पूर्वीपेक्षा कमी नाहीत. दर फेब्रुवारीत काकू फाटक उघडून येतात आणि विचारतात, "यंदा कात्रीला धार लावलीस ना?" मग आम्ही दोघी मिळून छाटणी करतो आणि नंतर ओसरीवर चहा घेतो.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्याही दारात एखादी वेल अशी भरभरून फुलली असेल तर तिचे कौतुक जरूर करा. पण एक सकाळ वेळ काढून शेजारच्या आवारात उभे राहा आणि तिथून ती कशी दिसते, तेही पाहून या. शेजारच्या काकू आपणहून सांगतीलच, असे नाही.