काठी, गरी आणि देवबागची भरती

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी भाचा आणि भाचीला घेऊन देवबागला गेलो होतो. भाचा सातवीत, भाची चौथीत. कुडाळ स्टेशनवर उतरलो तेव्हा आमच्याकडे चार नग सामान होतं. तीन पिशव्या आणि एक लांबोडका खोका. खोका भाच्याने रात्रभर गाडीत उशाशी घेऊन ठेवला होता. मला हात लावू दिला नाही.

"काय आहे रे त्यात?"

"जादूची काठी!" भाची म्हणाली. भावाने तिच्याकडे डोळे वटारून बघितलं.

मग हळूहळू उलगडा झाला. खोक्यात मासे धरायची काठी होती. साधीसुधी नाही. दाबली की हातभर आणि ओढली की दोन पुरुष उंच होणारी. टोकाला लुकलुकणारा दिवा, शिवाय घंटी. मुठीजवळ एक स्प्रिंग. माशाने गरी ओढली, की म्हणे स्प्रिंग सुटते आणि काठी आपोआप हिसका देते. आपण नुसतं बसायचं! सोबत रबराचे चकचकीत चार खोटे मासे. आणि खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'तिप्पट मासे!'

किंमत नऊशे रुपये. हे पैसे दोघांच्या सामाईक गल्ल्यातले. सायकलसाठी साठवलेले. "तिप्पट मासे मिळतील, मग आपण ते विकू आणि सायकल लवकर येईल," असं सांगून भाचेबुवांनी धाकट्या बहिणीला राजी केलं होतं. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आता मला ठाऊक झालं. म्हणजे मीही त्या कटात सामील!

देवबाग म्हणजे मालवणच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेली वाळूची चिंचोळी पट्टी. मालवणपासून दहा-बारा किलोमीटर. तारकर्ली ओलांडली, की रस्ता माडांच्या आत शिरतो आणि मग दोन्हीकडे पाणी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी. मधे माड, घरं आणि अंगणात वाळत घातलेली जाळी. काही ठिकाणी तर घराच्या पुढच्या दारातून लाटा ऐकू येतात आणि मागच्या दाराशी होडी बांधलेली असते. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. तिथे उभं राहिलं, की गोड्या आणि खाऱ्या पाण्याची झोंबाझोंबी चाललेली दिसते.

आम्ही उतरलो त्या घरातले आबा सत्तरीच्या पुढचे. आयुष्य होडीवर गेलेलं. त्यांनी काठी हातात घेऊन उलटसुलट बघितली, घंटी वाजवली, दिवा लावला आणि गालातल्या गालात हसले. बोलले काही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही खाडीवर हजर. भाच्याने रबराचा मासा लावला, काठी लांब केली आणि झोकात गरी फेकली. काठी वाळूत रोवली. आपण नुसतं बसायचं!

बसलो. अर्धा तास झाला. एक तास झाला. एवढ्यात खाड्कन स्प्रिंग सुटली, घंटी किणकिणली, भाचा उडी मारून धावला. दोरी ओढली तर गरीला शेवाळाचा झुपका. पुन्हा फेकली. पुन्हा खाड्कन. या वेळी शेवाळही नाही. पाचव्यांदा स्प्रिंग सुटली तेव्हा भाची म्हणाली, "दादा, ती आपोआप काठी आहे ना, तिला वाटेल तेव्हा ती हिसका देते."

बारा वाजता आबा आले. म्हणाले, "अरे झिला, अजून पाणी कमी हा. भरती चढांदे, मगे बघ."

"पण आजोबा, या काठीने..."

"मासो काय तुझी काठी बघान येता? तेका पाण्यातला खाद्य दिसता."

दुपारी अडीचला आबा पुन्हा आले. त्यांचं सगळं सामान एका हातात मावत होतं. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी. तिच्या टोकाला एक गरी. तिच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा गोळा. आणि करवंटीत सुंगटं, म्हणजे आपली कोळंबी. गरी डोक्याभोवती दोन वेळा फिरवून त्यांनी अशी भिरकावली, की ती थेट खारफुटीच्या मुळांपाशी जाऊन पडली. मग दोरी तर्जनीवर घेऊन ते डोळे मिटून बसले. दहा मिनिटांत त्यांनी हात झटकन मागे घेतला आणि हातभर पाण्यात चमचमत तांबोशी वर आली!

भाच्याचा चेहरा बघवत नव्हता.

रात्री जेवताना तो गप्प होता. तांबोशीचं तिखलं एवढं छान झालेलं, पण त्याने भातच चिवडला. शेवटी म्हणाला, "मामा, आबांना सवय आहे म्हणून त्यांना मिळाला. काठी वाईट नसेलही."

मला हे पटलं. आबा साठ वर्षं मासे धरतायत आणि आपण साठ मिनिटं. ही काय तुलना झाली? "मग आपण नीट परीक्षा घेऊ," मी म्हणालो. "काठीवर अन्याय नको."

नियम भाचीने वहीत लिहिले. एक, जागा एकच, दोन्ही गऱ्या दहा पावलांच्या अंतरावर. दोन, गरी सारख्याच मापाची, आमिष सारखंच, कोळंबीचा तुकडा. तीन, वेळ एकच. चार, दर अर्ध्या तासाने दोघांनी अदलाबदल करायची. काठीवाल्याने दोरी घ्यायची, दोरीवाल्याने काठी. म्हणजे एखाद्याचा हात चांगला असला तरी त्याचा फायदा दोन्हीकडे सारखा वाटला जाईल. आबांना यात भाग नाही, ते पंच!

आता वेळ कशी ठरवायची? आबांनी आम्हाला एक मजेदार गणित शिकवलं. आजची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जे उत्तर येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. आम्ही पहिल्या दिवशी गेलो तेव्हा कार्तिक शुद्ध पंचमी होती. पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती पूर्ण, मग त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास पाणी सर्वांत खाली. आणि आम्ही नेमके दहालाच जादूची काठी रोवून बसलो होतो! षष्ठीला भरती साडेचारला, अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. या दोन दिवसांच्या पुढेमागे पाणी खूप चढतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो, तो भांग. गावागणिक वेळेत थोडाफार फरक पडतो, पण घड्याळ आणि तक्ता नसेल तर कालनिर्णयाच्या पानावर भागतं.

भरतीला मासे का मिळतात? पाणी चढलं, की ते चिखलावर आणि खारफुटीच्या मुळांत शिरतं. तिथे बारीक खेकडे, कोळंबी, किडे असतात. ते खायला छोटे मासे येतात आणि छोट्यांच्या मागे मोठे. म्हणजे भरती ही माशांच्या जेवणाची घंटा. काठीची घंटी वाजो न वाजो!

षष्ठीला दुपारी अडीच ते साडेचार परीक्षा झाली. काठीची स्प्रिंग भाच्याने स्वतःच बंद करून टाकली. भाचीने पहिल्याच अर्ध्या तासात दोरीवर एक काळुंदर ओढली. ताटलीसारखा चपटा, अंगावर उभे पट्टे असलेला मासा. ती इतकी किंचाळली, की पलीकडच्या होडीतले लोक बघायला लागले. मग भाच्याला काठीवर गोबरा मिळाला. एक शेंगाळाही लागला, तेव्हा मात्र आबा धावत आले. शेंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांजवळ काटा असतो. तो टोचला तर हात ठणकत राहतो. तुम्हाला कधी मिळाला तर मोठ्या माणसांना हाक मारा, हात लावू नका.

दोन तासांनंतर वहीत हिशेब झाला. काठी चार, दोरी पाच.

तिसऱ्या दिवशी वेगळी परीक्षा. दोन्हीकडे काठी नको, दोरीच. एका गरीला रबराचा मासा, दुसरीला कोळंबी. रबराला शून्य, कोळंबीला तीन. आणि मग भाच्यानेच सुचवलं, की कोळंबी लावून सुकतीला बसून बघू. सकाळी सव्वाअकराला बसलो. तासाभरात एक खेकडा. तोही कोळंबी खाऊन पळाला.

आता इतक्या थोड्या माशांवरून मोठं शास्त्र सिद्ध होत नाही, हे खरं. रबराचे मासे पाण्यात खेळवत ओढायचे असतात, नुसते टाकून बसायचं नसतं. सरावलेली माणसं त्यांच्यावर मोठमोठे मासे धरतात. पण 'तिप्पट' या शब्दाची परीक्षा घ्यायला आमची वही पुरेशी होती.

का बरं असं? विचार करा. दिवा आणि घंटी पाण्याच्या वर असतात. ती आपल्यासाठी, माशासाठी नव्हेत. रात्री टोक दिसावं म्हणून दिवा उपयोगीच, पण तो मासा बोलावत नाही. माशाला काय कळतं? त्याला आमिषाचा वास येतो. त्याच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसते, पुढच्या वेळी बाजारात नीट बघा. त्या रेघेने त्याला पाण्यातली थरथर जाणवते. म्हणून काठावर धपाधप पाय आपटले, की मासे दूर जातात. आणि स्प्रिंगला मासा, शेवाळ आणि पाण्याची ओढ यांतला फरक कळत नाही. आबांच्या तर्जनीला कळतो.

मग काठी काहीच कामाची नाही का? तसंही नाही. चौथ्या दिवशी आम्ही समुद्राच्या बाजूला गेलो. तिथे लाटा फुटतात त्यांच्या पलीकडे गरी टाकायची होती. भाच्याची दोरी लाटेतच अडकायची, काठीने मात्र गरी दुप्पट लांब गेली. लांब काठीचं टोक वेगाने फिरतं, म्हणून. शिवाय मोठा मासा हिसका देतो तेव्हा काठी वाकते, हिसका पोटात घेते आणि दोरी तुटत नाही. काठीची खरी करामत ही. ती साध्या बांबूच्या काठीतही असते.

अगदी साध्या काठ्यांनी प्रचंड मासे धरणारे लोक आपल्याच देशात आहेत. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर. तिथले कोळी लांब काठी, आखूड दोरी आणि एक गरी एवढ्यावर कुपे धरतात. चाक नाही, स्प्रिंग नाही. त्यांच्या गरीला उलटा काटाही नसतो, त्यामुळे मासा होडीत पडताच आपोआप सुटतो. मग युक्ती कुठे असते? ते आधी जिवंत बारीक मासे समुद्रात टाकतात आणि पाण्याचे फवारे मारतात. कुप्यांच्या थव्याला वाटतं, इथे मेजवानी आहे! म्हणजे पुन्हा तेच. अक्कल काठीत नाही, माशाच्या सवयी ओळखण्यात.

आणि जाहिरातीला भुलणारा आमचा भाचा काही पहिला नव्हे. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'पॉकेट फिशरमन' नावाची घडीची काठी टीव्हीवर जाहिराती करकरून विकली गेली. मुठीतच गऱ्या ठेवायची डबी. ती लाखो लोकांनी घेतली. नेण्या-आणण्याची सोय तीत होती. पण खिशात मावणं वेगळं आणि मासा लागणं वेगळं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भाचा आबांच्या शेजारी बसून गोड्या पाण्याने काठी धूत होता. खारं पाणी राहिलं तर सांधे अडकतात, हे आबांनीच सांगितलं होतं. तो हळूच म्हणाला, "आबा, नऊशे रुपये फुकट गेले."

"काठी वायट नाय रे," आबा म्हणाले. "पण काठी मासो हाडणा नाय, भरती हाडता."

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग उठून बहिणीकडे गेला. "साडेचारशे तुझे आहेत. मी खाऊच्या पैशांतून दर महिन्याला पन्नास देईन. आईलाही मीच सांगणार."

भाचीने वही उघडली आणि लगेच लिहून घेतलं. नऊ महिने! मग विचारलं, "आणि काठी कुणाची?"

"अर्धी तुझी."

"मग दिव्याचा अर्धा भाग माझा," ती म्हणाली. त्या रात्री देवबागच्या वीज गेलेल्या ओटीवर तो लुकलुकणारा दिवा टांगून आम्ही जेवलो. तेवढा मात्र खोक्यावर लिहिल्याप्रमाणे चालला.

तुम्ही देवबागला गेलात तर कुडाळहून मालवणची एस.टी. धरा, तिथून पुढे देवबाग. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला बघायला विसरू नका. १६६४ साली शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली. पाण्याजवळ मोठं माणूस सोबत हवंच. छोटे मासे लागले तर अलगद परत सोडा. तुटलेलं तंगूस खाडीत टाकू नका, त्यात पक्षी आणि कासवं अडकतात. आणि निघताना तिथी बघून तिची पाऊणपट करा. त्याला नऊशे रुपये पडत नाहीत!