उठून उभे राहण्याचे बळ

आपला देह हा मोठा काटकसरी प्रपंच आहे. ज्याचा उपयोग होतो त्याची तो डागडुजी करतो, गरज वाढली तर त्यात भर घालतो आणि जे नुसते पडून राहते ते निमूटपणे मोडीत काढतो. हा कारभार सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो स्नायूंमध्ये. माणसाच्या शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत. परंतु ते एकदा घडले आणि जन्मभर पुरले, असे होत नाही. त्यांतील प्रथिने रोज थोडी मोडली जातात व रोज थोडी नव्याने रचली जातात. हा तोल ज्या बाजूला कलेल त्याप्रमाणे स्नायू भरतो किंवा ओसरतो. अन्न तर लागतेच; पण आपण त्या स्नायूकडून कोणते काम मागतो, यावर बरेच काही अवलंबून असते.

यातले अर्धे शास्त्र मला माझ्या वडिलांकडे पाहूनच समजले होते. वसईतील आमच्या वाडीत विजेचा पंप येण्याआधी ते बैल जुंपून रहाटावर पाणी काढीत, कुदळीने जमीन खणीत आणि केळीचे लोंगर खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणीत. व्यायामशाळेचा उंबरठा त्यांनी कधी ओलांडला नाही. तरीही पंचाहत्तरीत त्यांच्या पोटऱ्या लाकडासारख्या घट्ट होत्या. ओझे पडले की स्नायूच्या तंतूंवर ताण येतो आणि शरीर त्या ताणाला पुरेल अशी नवी बांधणी करू लागते. तंतूंची संख्या फारशी वाढत नाही, प्रत्येक तंतू जाड होतो. तंतूंच्या कडेला काही पेशी झोपी गेल्यासारख्या असतात. अलेक्झांडर मॉरो या शास्त्रज्ञाने १९६१ साली त्यांचे वर्णन केले. इजा झाली किंवा मोठा ताण पडला की त्या जाग्या होतात आणि तंतूत मिसळून दुरुस्तीला हातभार लावतात. ही बांधणी मुख्यतः कामानंतरच्या तासांत होते. म्हणूनच श्रमाइतकीच विश्रांतीही आवश्यक असते.

मात्र विश्रांती आणि निष्क्रियता यांत फार मोठे अंतर आहे. २०११ साली, सत्त्याहत्तराव्या वर्षी, वडिलांना न्यूमोनिया झाला. बारा दिवस रुग्णालयात आणि पुढे जवळजवळ तीन आठवडे घरी, ते अंथरुणावरच होते. ताप गेला, खोकला गेला, आहारही सुधारला. पण ज्या दिवशी त्यांनी पलंगावरून उठण्याचा प्रयत्न केला त्या दिवशी त्यांचे पाय त्यांचे राहिले नव्हते. मांड्या वाळलेल्या, गुडघे थरथरणारे. स्वच्छतागृहात जाण्यासाठी त्यांना दोघांचा आधार घ्यावा लागला. ज्या माणसाने आयुष्यभर कोणाकडे पाण्याचा तांब्या मागितला नव्हता, त्याच्या डोळ्यांत त्या दिवशी आजाराच्या वेदनेपेक्षा लाज अधिक होती.

अंथरूण माणसाला किती खर्ची घालते, याचे दोन दाखले मी नंतर वाचले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सरासरी सदुसष्ट वर्षांच्या निरोगी व्यक्तींना दहा दिवस झोपवून ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील चरबीविरहित ऊतींचे वजन सुमारे एक किलोने घटले. दुसरा दाखला अधिक विलक्षण आहे. १९६६ साली डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवून त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मोजण्यात आली. ही क्षमता हृदय आणि स्नायू दोघांचीही परीक्षा घेते. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. पन्नाशीला आलेल्या त्या पुरुषांची क्षमता तीस वर्षांत जितकी घटली होती, तिच्यापेक्षा अधिक घट तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांनी घडवून आणली होती!

वडिलांना काय करू द्यावे, याविषयी घरात दोन मते होती. आत्या रोज येऊन त्यांच्या उशाशी बसे. ती म्हणे, "दादा, तू जन्मभर राबलास. आता पडून राहा, आम्ही आहोत ना!" तिच्या बोलण्यात माया होती, आणि ते ऐकायला गोडही वाटे. दुसरे मत फिजिओथेरपीच्या तरुण मुलीचे होते. तिने पहिल्याच दिवशी वडिलांना उंच खुर्चीवर बसविले आणि म्हणाली, "बाबा, हात न टेकता उठायचं."

"पोरी, उठता आलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?" वडील म्हणाले.

ती हसली, पण तिने आपला आग्रह सोडला नाही. खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच केली आणि तिसऱ्या प्रयत्नात ते उठले. पुढे रोज पाच वेळा, मग आठ, मग दहा. मग उशी निघाली. खिडकीचे गज धरून टाचा उचलणे, ओटीची एक पायरी चढणे-उतरणे, घोट्याला वाळूची लहान पिशवी बांधून पाय सरळ करणे, अशी एकेक पायरी वाढत गेली. पंधरवड्यातच त्यांना बळ आल्यासारखे वाटू लागले. परंतु मांड्या तशाच बारीक दिसत होत्या. तिने उलगडा केला की सुरुवातीला स्नायूपेक्षा मेंदू आणि मज्जातंतू अधिक शिकतात. अधिक तंतूंना एकाच वेळी कामाला लावण्याची हातोटी त्यांना येते. मांस त्यानंतर सावकाश भरते.

वार्धक्याचे काम निराळे आहे, आणि त्याला नाकारून चालणार नाही. वय वाढते तसे पाठीच्या कण्यातून स्नायूंना आज्ञा पोचविणाऱ्या काही पेशी मरतात. त्यांचे तंतू अनाथ होतात. शेजारच्या पेशी त्यांतील काहींना दत्तक घेतात, उरलेले नष्ट होतात. विशेषतः झटकन आकुंचन पावणारे तंतू अधिक क्षीण होतात. ठेच लागल्यावर तोल सावरणारे तंतू तेच. म्हातारपणी माणसे पडतात याचे हे एक कारण आहे. या झिजेला अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ग्रीक शब्दांवरून 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. त्याचा अर्थ मांसाचे दारिद्र्य.

परंतु दारिद्र्य आले म्हणून कमाई थांबत नाही. १९९० साली मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमधील एका संस्थेत राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल स्त्री-पुरुषांना आठ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम दिला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. १९९४ साली शंभर वृद्धांवर केलेल्या पुढच्या अभ्यासात आढळले की, व्यायामाविना नुसता पूरक आहार दिल्याने दुर्बलता हटली नाही. मागणी आल्याशिवाय देह बांधकाम काढत नाही, हेच खरे.

वडिलांचे सारे काही परत आले असे नाही. कुदळ त्यांनी पुन्हा हाती घेतली नाही आणि केळीचा लोंगर खांद्यावर घेतला नाही. पण चौथ्या महिन्यात ते कोणाचाही हात न धरता स्वच्छतागृहात जाऊ लागले, काठी टेकीत वाडीच्या टोकापर्यंत फिरू लागले. मिस्साच्या वेळी इतरांबरोबर उठून उभे राहू लागले. आत्यानेच ते प्रथम पाहिले आणि पदराने डोळे टिपले. पुढची पाच वर्षे, अगदी अखेरच्या आजारापर्यंत, ते स्वतःच्या पायांवर होते.

आपल्या कुटुंबांत वडीलधाऱ्यांना मान देण्याची रीत आहे. पाणी हातात आणून द्यायचे, ताट पुढ्यात ठेवायचे, "तुम्ही उठू नका" म्हणायचे. ही रीत चांगलीच आहे. फक्त तिने त्यांच्या पायांचे काम हिरावून घेऊ नये. हृदयाचा विकार किंवा सांध्यांचे दुखणे असेल तर डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. पण ज्यांना शक्य आहे त्यांना खुर्चीवरून स्वतः उठू द्यावे, माठातले पाणी स्वतः घेऊ द्यावे. त्यांना थोडा वेळ लागेल. आपण तेवढा वेळ शेजारी, हात पुढे करण्याच्या तयारीत, पण हात न लावता उभे राहावे.