आवाज कोणाचा?

आमच्या चिरंजीवांनी पुढच्या स्प्रिंगा कापून मोटार दोन इंच खाली बसवून घेतली, आणि उभ्या जागी स्टिअरिंग फिरविले की पुढून ‘टक्’ होऊ लागले. “टायरॉड गेला!” मी निदान केले. मास्तर ना मी!

गॅरेजवाला माझाच जुना विद्यार्थी. त्याने मोटार जॅकवर घेतली, चाक डाव्या-उजव्या कडांनी धरून हलविले. टायरॉड घट्ट. वर-खाली धरून हलविले. बॉलजॉइंटही घट्ट. लोंबत्या चाकावरची स्प्रिंग मात्र बैठकीत खुळखुळत होती. मोटार उतरवून त्याने मला स्टिअरिंग फिरवायला लावले आणि स्प्रिंगवर हात ठेवला. “आखूड स्प्रिंग वाकडी बसते, पिळते नि उडी मारते. आवाज खालून आल्यासारखा वाटतो, सर. पण तेवढ्यावरून टायरॉडला धरू नये.”

मी ओशाळलो. पंधरा वर्षांपूर्वी वर्गात शीळ ऐकू येताच मी यालाच तासभर बाकावर उभे केले होते. काडीची चौकशी न करता.

“त्या दिवशी शीळ कोणी घातली होती रे?”

हात पुसत तो म्हणाला, “मूळ लांबीच्या स्प्रिंगा बसवू ना, सर?”