तापलेलं इंजिन

धाकट्याच्या कॉलेजसाठी जुनी बाइक घेतली. पैसे हिच्या भिशीचे. पाहायला गेलो तेव्हा टाकी चकचकीत, सीट नवी, आणि गाडी एका किकमध्ये सुरू! इंजिन गरम होतं. "आत्ताच चालवून आणली, काका," तो म्हणाला. मला तर ते बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-बारा किक मारल्या, तेव्हा कुठे ती घरघरली. रेस दिली की मागून निळसर धूर. मेकॅनिकने सायलेन्सरमधून बोट फिरवून तेलकट काजळी दाखवली. "रिंगा गेल्यात, ऑइल जळतंय. थंड गाडी सुरू होत नाही, म्हणून त्याने आधीच तापवून ठेवली असेल."

फॉर्म २९, ३० वर सह्या घेतल्या होत्या. आरसीवरचं कर्ज मात्र नजरेतून सुटलं. आता फायनान्सवाल्यांची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. आणि तो फोन उचलत नाही.

हिने एका शब्दाने विचारलं नाही. तेच जास्त टोचतं. मुलगा बसनेच जातो, पण रविवारी गाडी पुसायला विसरत नाही.